पाणी वाचवणारं कार डिटेलिंग लोकांपर्यंत पोचवायचं कसं?

निळी_बादली

नमस्कार. बरेच महिने इथे नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढते आहे. थोडा लांबेल, सांभाळून घ्या.

चौदा महिन्यांपूर्वी मी गाड्यांच्या डिटेलिंगचं, म्हणजे आतून-बाहेरून बारकाईने सफाईचं, काम सुरू केलं. गिऱ्हाइकाच्या दाराशी जाऊन करते, सोबत एक मदतनीस असतो. पाइप लावून गाडी धुणं पहिल्या दिवसापासून ठेवलंच नाही. बादलीत दहा लिटर पाणी, त्यात साधारण ४० मिलिलिटर रिन्सलेस वॉशचं द्रावण, गाडीच्या बाहेरच्या अंगाला एवढंच. हे द्रावण धुळीच्या कणाला वेढून घेतं, कण फडक्यासोबत अलगद उचलला जातो आणि नंतर फेस काढायला वरून पाणी ओतावं लागत नाही. आतल्या बाजूला, म्हणजे सीटच्या शिवणी, एसीच्या जाळ्या, कप ठेवायचा खळगा, तिथे वाफेचं मशीन.

मायक्रोफायबरचं फडकं दोनदा दुमडलं की दोन्ही अंगं धरून आठ कोऱ्या बाजू मिळतात. एका पट्ट्याला एक बाजू. मळलेली बाजू परत रंगाला लावायची नाही, हा माझ्याकडचा सगळ्यात कडक नियम आहे.

काम झाल्यावर लोक खूश असतात. अडतं ते काम मिळण्याआधी. व्हॅनवर, पत्रकावर, ऑनलाइन पानावर मी मोठ्या अक्षरांत 'पर्यावरणपूरक कार डिटेलिंग' लिहिलंय. हिरवा रंग, वर एक पान. फोन येतो आणि पहिला प्रश्न असतो, "म्हणजे पाणी न मारताच पुसणार? ओरखडे नाही का पडणार?" दुसरा, "म्हणजे महाग असणार." तिसरे म्हणतात, "फार छान उपक्रम आहे हो," आणि पुन्हा फोन करत नाहीत. हे तिसरे सगळ्यात जास्त.

या कामात मी का पडले तेही सांगते. आधी मी एका मोठ्या वॉशिंग सेंटरवर हिशेब लिहायचे. संध्याकाळी तिथल्या गटाराच्या जाळीवर काळपट जांभळा फेस साचलेला असायचा आणि ते गटार सरळ ओढ्यात जायचं. रोज बघायचे. ते बघून हे सुरू केलं, त्यामुळे 'पर्यावरण' हा शब्द पाटीवरून काढायचा म्हटलं तरी जीवावर येतं. पण आहे तसं चालत नाहीये. या धंद्यातले, जाहिरातीतले, किंवा नुसते गाडी असलेले, सगळ्यांनी मोकळेपणाने सांगा.

गॅरेजकाका

ताई, तीस वर्षं गाड्यांच्या रंगकामात काढली आहेत, म्हणून सरळ सांगतो. माणूस डिटेलिंगवाल्याला फोन करतो तो गाडी मळलीय म्हणून. ओढा त्याच्या मनात असेलही, पण फोन त्यासाठी होत नाही. पाटीवर पहिलं वाक्य गाडीचं हवं.

आणि तुमच्याकडे गाडीबद्दल सांगण्यासारखं भक्कम आहे, ते तुम्ही सांगतच नाही आहात. नव्या गाडीवर सगळ्यात वरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो. माणसाच्या केसापेक्षा पातळ. घाईत, एकाच स्पंजने, रेतीसकट धुतलेल्या गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेषा उठतात. त्या घालवायला पॉलिश करायचं, आणि पॉलिश म्हणजे त्याच थरातून थोडा भाग खरवडून काढणं. असं किती वेळा करणार? तुमची आठ बाजूंची घडी हा थर वाचवते. हे सांगा.

सांगण्यापेक्षा दाखवा. बोनेटच्या मधोमध चिकटपट्टी लावा, अर्धा भाग करा, अर्धा तसाच सोडा. ऊन किंवा प्रखर टॉर्च तिरकी धरून फोटो काढा. समोरून काढलेल्या फोटोत प्रत्येक गाडी चकचकीत दिसते, त्याने कुणाची खात्री पटत नाही. 'ओरखडे पडतील का' या प्रश्नाचं उत्तर तिरक्या उजेडातल्या फोटोतच मिळतं.

आकडेमोड

चांगला विषय. माझा धंद्याशी संबंध नाही, पण 'दहा लिटर' वाचल्यावर एक प्रश्न आला. फडकी कशात धुता? ते पाणी धरलंय का?

दुसरं, तुमच्या पत्रकावर 'इतके टक्के पाणी वाचतं' असं काही असेल तर ते कशाच्या तुलनेत? घरचा पाइप घ्या. दहा लिटरची बादली पाइपखाली ठेवा आणि सेकंद मोजा. तीस सेकंदांत भरली तर मिनिटाला २० लिटर. दहा मिनिटं पाइप चालू राहिला की २०० लिटर. हे झालं पाइपवाल्याचं. पण जो माणूस आज दोन बादल्या आणि एका फडक्याने गाडी पुसतो, त्याचं सगळं मिळून ४० लिटरच्या आत भागत असणार. त्याला तुम्ही 'नव्वद टक्के बचत' सांगितली तर त्याला ते खोटं वाटेल, आणि त्याच्यापुरतं ते खोटंच आहे.

माझा सल्ला: टक्के काढून टाका. लिटर लिहा, आणि त्या लिटरमध्ये काय काय धरलंय तेही लिहा.

रसायनी

तुम्ही लिहिलेल्या जांभळ्या फेसावर थांबले. बऱ्याच जणांना तो रंग साबणाचा वाटतो, म्हणून खुलासा करते. ब्रेक लावताना डिस्क आणि पॅड झिजतात, त्यातले लोखंडाचे बारीक कण चाकांवर आणि रंगावर रुततात. ते काढायला जे 'आयर्न रिमूव्हर' मारतात त्यात थायोग्लायकोलेटचा क्षार असतो. तो लोखंडाशी जुळला की जांभळा होतो. गंधकाचा तो उग्र वासही त्याचाच. म्हणजे जाळीवर तुम्ही जे बघत होतात त्यात लोखंडाचे कण, रसायन आणि साबण एकत्र होते.

मला वाटतं तुमच्या जाहिरातीतली खरी गोष्ट इथे आहे. लोकांचा समज असा की शाम्पू 'नैसर्गिक' असला की झालं. पण गाडीवरचा मळच मुळात साधा नसतो. ब्रेकचे धातू असतात, तेलाचा अंश असतो, टायरची झीज असते. टायरच्या रबरात ६पीपीडी नावाचं संरक्षक रसायन घालतात. हवेतल्या ओझोनशी त्याची क्रिया होऊन जे तयार होतं ते रस्त्यावरच्या पाण्यातून ओढ्यांत जातं आणि अमेरिकेच्या वायव्य भागातले कोहो सामन मासे त्यानेच मरत होते, हे २०२० मध्ये शोधून काढलं गेलं. तोवर कित्येक वर्षं मासे का मरतात ते कळत नव्हतं. म्हणून गाडी धुतलेलं पाणी कुठे जातं, हा प्रश्न शाम्पूच्या बाटलीवरच्या पानापेक्षा कितीतरी मोठा आहे. पावसाळी गटारात गेलं तर बहुतेक ठिकाणी ते प्रक्रिया न होता थेट नदीनाल्यात उतरतं. सांडपाण्याच्या वाहिनीत गेलं तर निदान शुद्धीकरण केंद्रातून जाण्याची शक्यता असते.

तुमच्या पद्धतीत तो मळ बादलीत आणि फडक्यात राहतो. ती बादली तुम्ही कुठे ओतता? कृपया पावसाळी गटारात ओतू नका. आणि योग्य जागी ओतत असाल तर ते अभिमानाने लिहा.

'जैवविघटनशील' या शब्दाबद्दलही. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ३०१ क्रमांकाच्या चाचण्यांमध्ये २८ दिवसांची मुदत असते. ज्यांत ऑक्सिजनचा वापर किंवा बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड मोजतात, त्यांत ६० टक्क्यांची मर्यादा ओलांडली तर पदार्थाला 'सहज जैवविघटनशील' म्हणतात. २८ दिवस! गटारातलं पाणी ओढ्यात पोचायला तेवढे तासही लागत नाहीत. आणि विघटन होईपर्यंत साबणातले घटक माशांच्या कल्ल्यांना त्रास देतातच. शब्द खरा असतो, पण लोक त्याचा अर्थ 'निरुपद्रवी' असा घेतात. तुम्ही तसा अर्थ त्यांना घेऊ देऊ नका.

पुरवठादाराकडून प्रत्येक द्रावणाची सेफ्टी डेटा शीट, म्हणजे सुरक्षिततेची माहिती देणारा कागद, मागून घ्या. १६ विभाग असतात. तिसऱ्यात घटक, बाराव्यात पर्यावरणावरचा परिणाम, तेराव्यात विल्हेवाट. बारावा विभाग रिकामा असेल तर बाटलीवर कितीही पानं-फुलं असोत, विचारणा करा. पाणी झटकणाऱ्या स्प्रेमध्ये फ्लोरिनयुक्त घटक आहेत का तेही विचारा, ते निसर्गात वर्षानुवर्षं टिकतात. चाकांच्या क्लीनरमध्ये हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा बायफ्लोराइड दिसलं तर ते वापरूच नका. तुमच्या मदतनिसाच्या हातांचा प्रश्न आहे.

सावली

वाचतेय. रसायनीताई, किती सोपं करून सांगितलंत.

गिऱ्हाईक म्हणून माझं सांगते. माझ्या मुलाला दमा आहे. गाडी आतून साफ करून आणली की दोन दिवस काचा उघड्या ठेवून चालवायचो, इतका त्या परफ्यूमचा आणि डॅशबोर्डच्या पॉलिशचा वास बसायचा. आतली सफाई फक्त वाफेने आणि बिनवासाच्या द्रावणाने होते असं कुणी लिहिलेलं दिसलं असतं, तर मी त्याच दिवशी फोन केला असता. 'पर्यावरणपूरक' या शब्दावरून मला ते कधीच कळलं नसतं. माझ्यासारख्या आया, वयस्कर माणसं असलेली घरं, कुत्री-मांजरं पाळणारे, यांच्यासाठी वेगळं दोन ओळींचं पत्रक करा ना.

वाऱ्यावरची

गॅरेजकाकांचा अनुभव मोठा आहे, तरी थोडी असहमत. 'गाडीचं बोला, पर्यावरणाचं नको' असं केलं तर उद्या शेजारी दुसरा कुणीही चकाचक फोटो टाकेल आणि ताईंचं वेगळेपण जाईल. शिवाय त्या ज्यासाठी हे करतात तेच लपवायचं?

मला वाटतं चूक सांगण्याच्या तऱ्हेत आहे. २००८ मध्ये गोल्डस्टीन, चाल्डिनी आणि ग्रिस्केव्हिशस या संशोधकांचा हॉटेलातल्या टॉवेलांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. न्हाणीघरात दोन तऱ्हेच्या पाट्या लावल्या. एकीवर 'पर्यावरण वाचवायला टॉवेल पुन्हा वापरा', दुसरीवर 'इथले बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात, तुम्हीही वापरा'. पहिल्या पाटीने सुमारे ३५ टक्के लोकांनी टॉवेल पुन्हा वापरला, दुसरीने सुमारे ४४ टक्के. पुढच्या प्रयोगात 'याच खोलीत राहून गेलेल्या पाहुण्यांनी' असं लिहिलं तेव्हा प्रतिसाद आणखी वाढला. खोली तीच असण्याशी पर्यावरणाचा काडीचा संबंध नाही, तरी जवळचा माणूस करतो म्हटल्यावर आपण करतो.

तर ताई, 'पृथ्वी वाचवा' लिहू नका. 'याच पार्किंगमधल्या इतक्या गाड्या आता बादलीभर पाण्यात स्वच्छ होतात' असं लिहा. आकडा खरा असला पाहिजे, मग तो चार का असेना. आणि म्हणूनच गावभर पत्रकं वाटण्यापेक्षा एकच इमारत धरा.

गॅरेजकाका

वाऱ्यावरची, मुद्दा मान्य. एकाच पार्किंगमधल्या चार गाड्या ही सगळ्यात चांगली जाहिरात. लिफ्टकडे जाताना लोक बघतात, उभे राहतात, विचारतात.

त्याच धर्तीवर अजून एक. ताई, व्हॅन दिवसभरात किती फिरते? सकाळी गावाच्या एका टोकाला, दुपारी दुसऱ्या टोकाला, आणि वाफेच्या मशीनसाठी मागे पेट्रोलचा जनरेटर धडधडतोय, असं असेल तर पाण्यात कमावलेलं धुरात घालवलं. वार ठरवून घ्या. सोमवारी ही बाजू, मंगळवारी ती. गिऱ्हाइकाला 'तुमच्या भागात आम्ही दर मंगळवारी असतो' म्हटलेलं उलट आवडतं, त्यातून महिन्याचं बांधील काम मिळतं. आणि पार्किंगमध्ये प्लग मिळत असेल तर जनरेटर घरी ठेवा. आवाजाने माणसं लांब जातात.

निळी_बादली

सगळ्यांचे आधी आभार. दोन रात्री हेच वाचते आहे.

आकडेमोड, तुमचा प्रश्न टोचला, कारण फडक्यांचं पाणी मी धरलंच नव्हतं. काल बसून मोजलं. एका गाडीला आठ फडकी लागतात. माझं मशीन एका फेरीला साधारण ६० लिटर पाणी घेतं आणि त्यात ३२ फडकी मावतात, म्हणजे चार गाड्यांची. गाडीमागे १५ लिटर झाले. बादलीचे दहा धरून २५. पत्रकावर मी 'फक्त १० लिटर' लिहिलं होतं आणि खाली 'नव्वद टक्के बचत'. दोन्ही काढते आहे. पत्रकांचा गठ्ठा उरलाय, तो आता वाटणार नाही.

रसायनीताई, बादली मी गिऱ्हाइकाच्या संडासात किंवा मोरीत, त्यांना विचारून, ओततेय. तळाशी जी रेती बसते ती फडक्याने पुसून सुक्या कचऱ्यात. हे सांगण्यासारखं आहे असं कधी वाटलंच नव्हतं. डेटा शीटसाठी तिन्ही पुरवठादारांना लिहिलंय. दोघांनी लगेच पाठवल्या. तिसऱ्याच्या शीटमध्ये बाराव्या विभागात नुसतं 'माहिती उपलब्ध नाही' आहे. तो टायर ड्रेसिंगवाला, म्हणजे टायर काळेभोर दिसायला लावतात ते द्रावण देणारा. बदलतेय.

एक गोष्ट इथे कबूल करते, कारण ओरखड्यांचा प्रश्न विचारणारे चूक नव्हते. सुरुवातीच्या महिन्यात एक गाडी कच्च्या रस्त्यावरून आलेली, दारांच्या खालच्या भागावर चिखल वाळून चिकटलेला. मी हट्टाने रिन्सलेसच करायला घेतलं. दुसऱ्या हाताला फडक्याखाली करकर ऐकू आली तशी थांबले, पण तोवर मागच्या दारावर वीतभर रेघा उठल्या होत्या. मालकांना स्वतः दाखवल्या, पॉलिश करून दिलं, पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून वाळलेला चिखल असेल तर आधी पंपाच्या फवाऱ्याने भिजवून, दोन-तीन लिटर पाण्याने खालचा भाग सोडवून घेते. फारच असेल तर 'आधी साध्या पाण्याने धुऊन घ्या, मग मला बोलवा' म्हणते. पण हे मी जाहिरातीत कुठेच लिहिलं नव्हतं. वाटायचं, याने लोक बिचकतील.

गॅरेजकाका

ताई, हे पहिल्या पानावर लिहा. कोणत्या गाडीला तुमची पद्धत चालत नाही हे जो सांगतो, त्याच्या बाकीच्या बोलण्यावर माणूस विश्वास ठेवतो. करकर ऐकून थांबणारा हात आहे तुमचा, तो प्रत्येकाकडे नसतो.

ताफा_सांभाळणारा

एका कंपनीच्या गाड्यांचं बघतो, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो. तुमच्यासारख्यांसाठी आमच्याकडे काम असतं, पण तुम्ही लोक आमच्यापर्यंत ज्या कागदानिशी येता त्यावर आम्हाला काही करता येत नाही. हिरव्या पानाचं पत्रक मी वरच्यांना दाखवू शकत नाही.

मला पहिला फायदा दिसतो तो वेळेचा. गाडी धुवायला न्यायची म्हणजे ड्रायव्हर, जाणं-येणं, रांग. तुम्ही उभ्या जागी, आमच्या सुट्टीच्या वेळेत करणार असाल तर तो अर्धा दिवस वाचतो. पहिली ओळ ही असू द्या. मग हवं ते: गाडीमागे किती मिनिटं, किती पाणी, कोणती द्रावणं, त्यांच्या डेटा शीट, सांडलेलं पाणी कुठे जाणार, नुकसान झालं तर जबाबदारी कोणाची, विमा आहे का. सगळं एका पानात.

दर महिन्याच्या बिलासोबत एक ओळ जोडा: या महिन्यात इतक्या गाड्या, एकूण इतके लिटर. मोठ्या कंपन्यांना हल्ली पाण्याचा आणि उत्सर्जनाचा अहवाल द्यावा लागतो. उत्सर्जन मोजण्याची जी ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉल नावाची पद्धत आहे, तिच्या स्कोप ३ मध्ये, म्हणजे कंपनीच्या अप्रत्यक्ष उत्सर्जनात, विकत घेतलेल्या सेवाही येतात. अहवाल लिहिणारी मंडळी पुरवठादारांकडे आकडे मागून थकलेली असतात. ज्याच्याकडून न मागता आकडा येतो त्याचं काम सहसा बंद होत नाही. आकडा मोजलेला हवा, अंदाजाचा असेल तर 'अंदाजे' लिहा. तुम्ही वर २५ लिटर ज्या पद्धतीने काढलेत तीच पद्धत जोडा, पुरेसं आहे.

आणि सुरुवात पाच गाड्यांपासून करा. पन्नास गाड्यांचं कोटेशन देऊन मग माणसं कमी पडलेले मी पाहिले आहेत.

शब्दपारखी

जाहिरातीचा मजकूर लिहितो, म्हणून शब्दांपुरतं बोलतो.

'ग्रीनवॉशिंग', म्हणजे पर्यावरणप्रेमाचा नुसता देखावा, हा शब्द जे वेस्टरवेल्ड या अमेरिकन पर्यावरणवाद्याने १९८६ मध्ये वापरात आणला, तोही हॉटेलातल्या टॉवेलांवरूनच. 'पर्यावरणासाठी टॉवेल पुन्हा वापरा' म्हणणारी हॉटेलं प्रत्यक्षात धुण्याचा खर्च वाचवत होती, यावर त्याचा रोख होता. तेव्हापासून प्रकरण कायद्यापर्यंत आलंय. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेच्या ग्रीन गाइड्स, म्हणजे पर्यावरणाच्या दाव्यांबद्दलच्या सूचना, १९९२ पासून आहेत, शेवटची सुधारणा २०१२ ची. त्यात स्पष्ट म्हटलंय की 'पर्यावरणपूरक'सारखा सरसकट दावा मोकळा सोडू नये, कारण तो सिद्ध करणं जवळजवळ अशक्य असतं. युरोपीय संघाचा २०२४ चा निर्देश पुराव्याशिवाय केलेल्या अशा मोघम दाव्यांवर बंदी आणतो, त्याचा अंमल २७ सप्टेंबर २०२६ पासून. भारतातही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्रीनवॉशिंगविरोधी मार्गदर्शक तत्त्वं काढली. तिन्हीकडे सूत्र एकच दिसतं: नेमकं बोला आणि पुरावा जवळ ठेवा.

त्यामुळे ताई, तो शब्द काढताना जीवावर येऊ देऊ नका. त्या एका शब्दाच्या जागी तुमच्याकडे किती तरी खऱ्या गोष्टी आहेत. 'पर्यावरणपूरक शाम्पू' लिहिलंत तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काहीच येत नाही. 'मळलेलं पाणी गटारात सोडत नाही' म्हटलं की गटार दिसतं. 'विषारी रसायनं नाहीत' हे लिहू नका, सिद्ध करता येणार नाही. 'आत वाफ आणि बिनवासाचं द्रावण' लिहा. आणि ते पान काढा. जर्मनीतलं ब्लू एंजल १९७८ पासून आहे, युरोपचं इकोलेबल १९९२ पासून, अमेरिकेत सेफर चॉइस आहे. ही चिन्हं बाहेरच्या संस्थेने तपासून दिलेली असतात. तुम्ही वापरता त्या बाटलीवर असं एखादं असेल तर त्या बाटलीपुरतं नक्की सांगा. स्वतः काढलेलं पान व्हॅनवर असलं की बघणाऱ्याला तेही तसंच प्रमाणपत्र वाटतं, आणि ते बरोबर नाही.

बोलण्यातलं एक. फोनवर "ओरखडे पडतील का" विचारलं की बचाव सुरू करू नका. "गाडीवर धूळ आहे की वाळलेला चिखल?" हा उलटा प्रश्न विचारा. त्या एका प्रश्नातून समोरच्याला कळतं की ह्यांना कामाची जाण आहे.

सावली

शब्दपारखी, हा शेवटचा प्रश्न कोणी मला विचारला असता तर मी गाडी त्यांच्याच हवाली केली असती!

निळी_बादली

धागा वर काढते आहे. सहा आठवडे झाले.

व्हॅनवरचं पान आणि हिरवा रंग गेला. पाटीवर आता 'गाडी उभी असेल तिथेच डिटेलिंग' एवढंच. पत्रकाचा मजकूर तुमच्या सगळ्यांच्या मदतीने असा झालाय:

'गाडी जिथे उभी आहे तिथेच स्वच्छ होईल. प्रत्येक पट्ट्याला फडक्याची नवी बाजू, त्यामुळे रंगावर जाळीसारख्या रेषा उठण्याचा धोका कमी. आत वाफ आणि बिनवासाचं द्रावण. एका गाडीला साधारण २५ लिटर पाणी, फडकी धुण्याचं धरून. मळलेलं पाणी पावसाळी गटारात सोडत नाही. वाळलेला चिखल असेल तर आधी कळवा, त्याची पद्धत वेगळी आहे.'

बोनेटचा तिरक्या उजेडातला फोटो वर आहे. ओरखड्यांचा प्रश्न अजून येतो, पण आता लोक फोटो बघून विचारतात आणि मी चिखलाचं विचारते. दोघांना मी नाही म्हणाले. त्यातले एक गृहस्थ आठवड्याने गाडी साध्या पाण्याने धुऊन घेऊन आले.

वाऱ्यावरची, एकच इमारत धरली. तळघरातलं पार्किंग, तिथे पाण्याचा नळच नाही, त्यामुळे पाइपवाल्यांना येताच येत नव्हतं. चार गाड्यांपासून सुरुवात केली, आता नऊ आहेत आणि दर बुधवार ठरलाय. काका, जनरेटर त्या दिवशी घरीच असतो, प्लग मिळाला. सावली, दमा-ॲलर्जीवाल्या घरांसाठी दोन ओळींचं पत्रक वेगळं काढलं, त्यातून आलेल्या एका आजोबांनी गाडीत बसून दोन मिनिटं नुसता श्वास घेतला आणि मग पैसे दिले. ताफ्याचं एका ठिकाणी बोलणं झालंय, पाच गाड्या, पुढच्या महिन्यापासून. एक पान त्यांना आवडलं, बाराव्या विभागाबद्दल त्यांनीच विचारलं!

आणि एक गोष्ट मी ठरवून करायला लागले. काम संपलं की बादली लगेच ओतत नाही, गाडीशेजारी ठेवते. मालक खाली येतात, गाडीला एक फेरी मारतात, मग बादलीत डोकावतात. पाणी काळं झालेलं असतं, तळाशी रेती. मी सांगते, हे सगळं तुमच्या गाडीवर होतं आणि आता मोरीत जाईल. परवा एका ताईंनी त्या बादलीचाच फोटो काढून त्यांच्या गटात टाकला, गाडीचा टाकलाच नाही. त्यावरून दोन फोन आले.

आकडेमोड

२५ चा आकडा पत्रकावर बघून फार बरं वाटलं. आता एकच राहिलं. मायक्रोफायबर म्हणजे पॉलिएस्टर आणि पॉलिॲमाइड, धुताना त्याचे बारीक तंतू सुटून पाण्यात जातात. त्याचं काही करता येईल का?

रसायनी

हो, हे मीही लिहिणार होते. कमी तापमानाला, मशीन भरून, सौम्य फेरीवर धुतलं तर तंतू कमी सुटतात. मशीनच्या बाहेर जाणाऱ्या नळीला लावायच्या बारीक जाळ्याही मिळतात. फॅब्रिक सॉफ्टनर मात्र वापरू नका, फडक्याची मळ धरून ठेवायची ताकदच जाते.

निळी_बादली

सॉफ्टनर कधीच वापरत नाही. मशीन आता भरूनच लावते, चार गाड्यांची फडकी साठली की मगच. जाळी मागवली आहे. बसवली की पहिल्या महिन्यात तिच्यात काय आणि किती साठतं ते वजन करून इथेच लिहीन.